इंजेक्शन नाही, गोळी नाही: विजेच्या करंटने औषध त्वचेतून शरीरात खरंच जातं का?

परीक्षेत उत्तरपत्रिका ओली होऊ नये म्हणून मनगटाखाली रुमाल ठेवून लिहिणारी मुलं तुम्ही पाहिली असतील. कदाचित तुम्हीच त्यांच्यापैकी एक असाल. तळहातांना असा बेसुमार घाम येत असेल तर त्वचारोगतज्ज्ञ एक उपाय सुचवू शकतात. दोन उथळ ट्रेमध्ये नळाचं पाणी घ्यायचं, त्यात तळहात ठेवायचे आणि त्या पाण्यातून २० ते ३० मिनिटं सौम्य करंट सोडायचा.

पाणी आणि वीज एकत्र आणू नका, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यामुळे हे पाहताना कुणीही दचकेल. पण हा जुगाड नाही, मान्यताप्राप्त उपचार आहे.

याच तत्त्वावर ब्यूटी पार्लरमध्ये 'गॅल्व्हॅनिक फेशियल' केलं जातं. ऑनलाइन दुकानांत चेहऱ्यावर फिरवायची छोटी यंत्रं मिळतात आणि 'सीरम त्वचेच्या आत खोलवर पोहोचतं' असा दावा त्यांच्या खोक्यावर असतो. शिवाय 'आता सुई टोचायची गरज नाही' अशी बातमी दर काही महिन्यांनी फोनवर येतच असते.

यात खरं किती? थोडक्यात सांगायचं तर, करंट लावल्याने औषध त्वचेतून आत जातं हे शंभर वर्षांपूर्वीच सिद्ध झालं आहे. पण औषध आत ढकलणारा हाच करंट त्वचा भाजूही शकतो. म्हणून ही पद्धत काही ठिकाणी उत्तम चालते, तर काही ठिकाणी मोठ्या कंपन्यांनाही तिने तोंडघशी पाडलं आहे. हा फरक कशामुळे पडतो, ते समजून घेऊ.

त्वचा औषधाला अडवते का?

हो, आणि तेच तिचं काम आहे. त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. त्याची जाडी साधारण १० ते २० मायक्रोमीटर, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. पण हा थर विटांच्या भिंतीसारखा रचलेला असतो. विटांच्या जागी पेशी आणि सिमेंटच्या जागी स्निग्ध पदार्थ.

या भिंतीतून आपोआप आत शिरायचं तर रेणू लहान हवा आणि तेलात थोडाफार विरघळणारा हवा. औषधनिर्माण क्षेत्रात यासाठी ५०० डाल्टनचा ढोबळ नियम वापरतात. डाल्टन हे रेणूचं वजन मोजायचं एकक. रेणू याहून जड असेल तर तो त्वचेतून सहज जात नाही.

निकोटिनचा पॅच चालतो तो यामुळेच. अमेरिकेत १९७९ मध्ये मंजूर झालेला स्कोपोलामिनचा पॅचही, जो प्रवासात मळमळू नये म्हणून कानामागे लावतात, असाच काम करतो. हे रेणू लहान आहेत आणि त्यांचा डोसही अगदी कमी लागतो. बहुतेक औषधं या चाळणीतून जात नाहीत.

मग करंट नेमकं काय करतो?

या पद्धतीला 'आयन्टोफोरेसिस' म्हणतात. आयन म्हणजे विद्युतभार असलेला कण आणि फोरेसिस म्हणजे वाहून नेणं.

शाळेत शिकलेला चुंबकाचा नियम आठवा. समान टोकं एकमेकांना दूर ढकलतात. विद्युतभाराचंही तसंच असतं. अनेक औषधं पाण्यात विरघळली की त्यांच्या कणांवर धन किंवा ऋण भार येतो. औषधावर धन भार असेल तर ते धन टोकाच्या पट्टीखाली ठेवायचं आणि दुसरी पट्टी शरीरावर थोड्या अंतरावर लावायची. करंट सुरू झाला की धन टोक त्या औषधाला स्वतःपासून दूर, म्हणजे त्वचेत ढकलतं. औषधावर ऋण भार असेल तर ते ऋण टोकाखाली ठेवावं लागतं.

औषध आत जाताना मुख्यतः घामाच्या ग्रंथींच्या नलिका आणि केसांच्या मुळांजवळच्या वाटा वापरतं. तिथे विजेला अडथळा कमी असतो.

याला आणखी एका गोष्टीची जोड मिळते. आपल्या त्वचेवर स्वतःचा थोडा ऋण भार असतो. त्यामुळे करंट सुरू असताना धन टोकाकडून ऋण टोकाकडे पाण्याचा अगदी सूक्ष्म प्रवाह तयार होतो. भार नसलेले काही रेणूही या प्रवाहासोबत वाहत जातात.

औषध किती जाईल हे दोन गोष्टींवर ठरतं: करंट किती आणि किती वेळ. म्हणून डोस 'मिलिअँपिअर-मिनिट' मध्ये मोजतात. ४ मिलिअँपिअर करंट १० मिनिटं दिला, तर डोस झाला ४०.

दोन सशांचा प्रयोग

औषध खरोखर करंटमुळेच आत जातं, ते नुसतं त्वचेतून झिरपत नाही, हे कसं कळलं? त्याचं श्रेय फ्रान्सच्या नांत शहरातले डॉक्टर स्तेफान लेद्युक यांना दिलं जातं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी केलेला प्रयोग आज वाचताना क्रूर वाटतो, पण त्यात शंकेला जागा उरत नाही.

त्यांनी दोन ससे एकाच सर्किटमध्ये जोडले. एका सशाच्या त्वचेवर धन टोकाखाली स्ट्रिकनिन हे धन भाराचं विष ठेवलं. दुसऱ्याच्या त्वचेवर ऋण टोकाखाली सायनाइड ठेवलं, ज्याचा भार ऋण असतो. करंट सुरू केल्यावर पहिला ससा झटके येऊन मेला, तर दुसरा सायनाइडच्या विषबाधेने.

मग त्यांनी फक्त तारांची टोकं उलटी केली. विषं तीच, करंटही तेवढाच. या वेळी दोन्ही सशांना काहीच झालं नाही.

म्हणजे नुसता करंट लावून उपयोग नाही. कोणतं औषध कोणत्या टोकाखाली आहे, यावर सगळं ठरतं. आज बाजारातल्या कोणत्याही यंत्राकडे बघताना हीच गोष्ट आधी तपासावी लागते.

फिजिओथेरपीत 'करंट लावतात', ते हेच का?

बहुतेक वेळा नाही. गुडघा किंवा कंबर दुखते म्हणून आपण फिजिओथेरपिस्टकडे जातो. तिथे चिकटपट्ट्या लावून जे मशीन सुरू करतात ते सहसा टेन्स किंवा आयएफटी असतं. त्यातला करंट दिशा बदलत राहतो किंवा ठोक्याठोक्यांनी येतो. त्याचा उद्देश मज्जातंतूंमार्फत वेदना कमी करणं हा असतो. त्यात कोणतंही औषध आत जात नाही.

आयन्टोफोरेसिसला एकाच दिशेने वाहणारा करंट लागतो, म्हणजेच डीसी. दिशा सतत बदलत राहिली तर औषध एक पाऊल पुढे जाईल आणि एक पाऊल मागे येईल.

फिजिओथेरपीत आयन्टोफोरेसिसही वापरतात, पण कमी. टेनिस एल्बोसारख्या दुखण्यात डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड ऋण टोकाखाली ठेवून आत ढकलतात. त्याचा फायदा किती? २००३ मध्ये अमेरिकेत कोपराच्या अशाच दुखण्याच्या १९९ रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. उपचारानंतर दोन दिवसांनी औषध मिळालेल्या रुग्णांना इतरांपेक्षा जास्त आराम होता. महिन्याभरानंतर मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक उरला नव्हता. म्हणजे तात्पुरता आराम मिळू शकतो, पण दुखणं मुळापासून जाईल असं नाही.

ही पद्धत सर्वांत यशस्वी कुठे ठरली?

एका निदान चाचणीत. सिस्टिक फायब्रोसिस हा जन्मजात आजार आहे. त्यात फुप्फुसांत आणि स्वादुपिंडात घट्ट चिकट स्राव साचतो. अशा बाळाचा पापा घेतला तर त्वचा खारट लागते, कारण त्याच्या घामात मीठ जास्त असतं. त्यामुळे निदानासाठी घाम तपासावा लागतो. पण तान्ह्या बाळाला घाम आणायचा कसा?

१९५९ मध्ये गिब्सन आणि कुक या संशोधकांनी यावर तोडगा काढला. पायलोकार्पिन हे घाम आणणारं औषध त्यांनी सौम्य करंटने बाळाच्या हाताच्या छोट्याशा भागात ढकललं. करंट काही मिनिटंच द्यावा लागतो. त्यानंतर तेवढ्याच भागातला घाम गोळा करून त्यातलं क्लोराइड मोजतात. ते लिटरला ६० मिलिमोल किंवा त्याहून जास्त असेल तर आजाराचं निदान पक्कं होण्याकडे झुकतं. जनुकीय चाचण्यांच्या आजच्या काळातही ही चाचणी निदानाचा आधार मानली जाते.

भारतात हा आजार नाहीच, असा समज बराच काळ होता. निदान न होण्यामागे चाचणीची सोय नसणं हे एक मोठं कारण होतं. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी देशातच विकसित केलेली घाम गोळा करण्याची पद्धत २००२ मध्ये 'इंडियन पेडियाट्रिक्स' या नियतकालिकात मांडली. वारंवार न्यूमोनिया होणाऱ्या आणि वजन न वाढणाऱ्या मुलाला वर्षानुवर्षं क्षयाची किंवा दम्याची औषधं देत राहायचं की त्याचा खरा आजार ओळखायचा, हा फरक अशा चाचणीने पडतो.

दुसरं यश तळहातांच्या घामाचं. इथे बहुतेक वेळा औषध लागतच नाही, नळाचं पाणी पुरतं. करंट साधारण १५ ते २० मिलिअँपिअर असतो. सुरुवातीला आठवड्यातून तीन वेळा आणि घाम कमी झाला की साधारण आठवड्यातून एकदा, असा हा क्रम असतो. घाम नेमका का थांबतो हे विज्ञानाला अजून पूर्ण उलगडलेलं नाही, पण अनेक रुग्णांना काही आठवड्यांत फरक जाणवतो. उपचार थांबवला की घाम परत येतो, हेही तितकंच खरं.

तिसरं उदाहरण तुलनेने नवं आहे. लहान मुलांच्या कानात वारंवार पाणी साचलं तर पडद्याला छिद्र पाडून छोटी नळी बसवतात. त्यासाठी मुलाला पूर्ण भूल द्यावी लागायची. नोव्हेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने 'ट्युला' नावाच्या यंत्रणेला मंजुरी दिली. यात कानात भुलीच्या औषधाचं द्रावण भरतात आणि करंटने ते पडद्यात ढकलतात. पडदा बधिर झाला की मूल जागं असतानाच दवाखान्यात नळी बसवता येते.

या तिन्ही उदाहरणांत काय सारखं आहे? जागा लहान, वेळ कमी आणि समोर प्रशिक्षित माणूस किंवा निदान त्याने आखून दिलेली पद्धत.

मग पॅच का टिकले नाहीत?

कंपन्यांना मोठी बाजारपेठ दिसत होती ती बॅटरीवर चालणाऱ्या आणि स्वतः लावायच्या पॅचमध्ये. तिथेच गणित बिघडलं.

'झेक्युटी' हा मायग्रेनसाठीचा पॅच होता. कल्पना चांगली होती. मायग्रेनमध्ये उलट्या होतात आणि गोळी पोटात टिकत नाही. त्याऐवजी दंडाला किंवा मांडीला पॅच लावायचा आणि सुमाट्रिप्टान हे औषध चार तासांत त्वचेतून द्यायचं. एफडीएने जानेवारी २०१३ मध्ये त्याला मंजुरी दिली आणि सप्टेंबर २०१५ मध्ये टेवा कंपनीने तो बाजारात आणला.

त्यानंतर तक्रारी येऊ लागल्या. पॅच लावलेल्या जागी तीव्र वेदना, फोड, भाजल्याच्या जखमा आणि कायमचे व्रण. जून २०१६ मध्ये एफडीएने इशारा दिला आणि कंपनीने विक्री थांबवली. पॅच बाजारात एक वर्षही टिकला नाही.

'आयॉन्सिस'ची अडचण वेगळी होती. शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनांसाठी फेंटानिल हे अफूवर्गीय औषध देणारा हा पॅच फक्त रुग्णालयात वापरण्यासाठी होता. वेदना झाल्या की रुग्णाने बटण दाबायचं आणि १० मिनिटांत ४० मायक्रोग्रॅम औषध आत जायचं. २००६ मध्ये युरोप आणि अमेरिका दोन्हीकडे त्याला मंजुरी मिळाली. २००८ मध्ये त्याच्या एका भागावर गंज आढळला. त्यामुळे बटण न दाबताही यंत्र सुरू होण्याचा धोका होता. जास्त फेंटानिल म्हणजे श्वास थांबून मृत्यू. युरोपातून तो मागे घेतला गेला. रचना बदलून २०१५ मध्ये तो परत आला, पण २०१७ मध्ये कंपनीने अमेरिकेतली विक्री बंद केली.

मधुमेहींसाठीचं 'ग्लुकोवॉच' तर उलट दिशेने काम करायचं. औषध आत ढकलण्याऐवजी करंटने त्वचेखालची साखर बाहेर ओढून मोजायची. २००१ मध्ये त्याला अमेरिकेत मंजुरी मिळाली. पण त्वचा लाल व्हायची, घाम आला की मोजणी अडायची आणि घड्याळ जुळवून घ्यायला बोटाला सुई टोचावीच लागायची. काही वर्षांतच ते बाजारातून गेलं.

करंट इतका कमी, तरी भाजतं कसं?

हे भाजणं उष्णतेचं नसतं, रासायनिक असतं. डीसी करंट पाण्यातून गेला की पाण्याचं विघटन होतं. धन टोकाजवळ आम्ल तयार होतं आणि ऋण टोकाजवळ अल्कली. करंट जास्त असेल, वेळ जास्त असेल किंवा पट्टी एका कडेनेच टेकत असेल, तर ते आम्ल किंवा अल्कली त्वचेच्या एका जागी साचतं आणि तिथे जखम होते.

म्हणून त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला साधारण ०.५ मिलिअँपिअर ही सुरक्षिततेची मर्यादा पाळली जाते. चांगल्या पट्ट्यांमध्ये चांदी आणि सिल्व्हर क्लोराइड वापरतात, म्हणजे आम्ल आणि अल्कली कमी तयार होतात. पण या मर्यादेमुळेच औषधाच्या मात्रेवरही बंधन येतं. जास्त औषध हवं तर पॅच मोठा करा किंवा तासन्‌तास ठेवा. दोन्हींमध्ये त्वचा बिघडण्याची शक्यता वाढते.

इन्सुलिनचं घोडं इथेच अडलं आहे. त्याचा रेणू सुमारे ५,८०० डाल्टनचा, म्हणजे ५०० च्या नियमाच्या अकरा पट जड. शिवाय त्याचे रेणू एकमेकांना धरून गुच्छ करतात. सुरक्षित करंटमध्ये रोज पुरेल इतकं इन्सुलिन अशा वाटेने आत जात नाही. घरात कुणाला मधुमेह असेल आणि 'करंटने इन्सुलिन देणाऱ्या' यंत्राची जाहिरात दिसली, तर इन्सुलिनचं इंजेक्शन थांबवण्याचा विचारही करू नका.

घरगुती फेशियल यंत्रांचं काय?

लेद्युक यांच्या सशांचा नियम इथेही लागू होतो. व्हिटॅमिन सी पाण्यात ऋण भाराचं असतं, त्यामुळे ते ऋण टोकाकडूनच आत ढकललं जाईल. यंत्र धन टोकावर असेल तर उलट परिणाम होईल. कोलॅजनचा रेणू सुमारे ३ लाख डाल्टनचा असतो. तो हातातल्या यंत्राने त्वचेत शिरेल ही अपेक्षाच चुकीची आहे.

शिवाय सर्किट पूर्ण व्हायला दोन टोकं लागतात. अशा यंत्राच्या मुठीवर धातूची पट्टी असते, ते दुसरं टोक. हात तिला नीट टेकलेला नसेल तर करंट वाहतच नाही आणि तुम्ही फक्त थंडगार धातूने मसाज करत राहता. फेशियलनंतर चेहरा तुकतुकीत दिसतो त्यात मसाज, ओलावा आणि स्वच्छतेचा वाटा मोठा असतो.

कोणी टाळावं आणि काय विचारावं?

शरीरात पेसमेकर असेल, गरोदरपण असेल, फिट येत असतील, करंटच्या मार्गात रॉड किंवा प्लेट असेल, तर हा उपचार टाळतात. मधुमेहामुळे हातापायांची संवेदना कमी झाली असेल तर विशेष जपा, कारण भाजत असलं तरी कळणार नाही. जखमेवर, पुरळावर किंवा नुकत्याच वॅक्स केलेल्या त्वचेवर करंट लावू नये.

यंत्र विकत घेण्याआधी किंवा उपचार सुरू करण्याआधी चार प्रश्न विचारा:

- यातला करंट डीसी आहे का?
- औषध कोणतं आणि ते कोणत्या टोकाखाली ठेवणार?
- किती मिलिअँपिअर, किती मिनिटं?
- उपकरणावर परवाना क्रमांक आहे का?

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण १ एप्रिल २०२० पासून भारतात सर्व वैद्यकीय उपकरणं कायद्याने औषधांच्या व्याख्येत येतात. आजार बरा करण्याचा दावा करणाऱ्या यंत्रावर परवाना क्रमांक दिसत नसेल तर ते घेऊ नका.

तळहातांच्या घामासाठी आधी त्वचारोगतज्ज्ञांना भेटा. थायरॉइडसारख्या आजारातही घाम वाढतो, त्यामुळे मूळ कारण तपासून घ्यावं लागतं. उपचाराला बसताना अंगठ्या, बांगड्या काढा आणि कापलेल्या जागेवर व्हॅसलिन लावा. यंत्र सुरू असताना हात पाण्यातून एकदम बाहेर काढू नका, झटका बसतो. इंटरनेटवर बघून चार्जर, अडॅप्टर किंवा घरातल्या प्लगची वायर वापरून असं यंत्र बनवण्याचा प्रयत्न तर अजिबात करू नका. त्यात जीव जाऊ शकतो.

उपचार सुरू असताना थोड्या मुंग्या येणं, चुरचुरणं स्वाभाविक आहे. एकाच जागी जळजळ होऊ लागली तर मात्र सहन करत बसू नका. लगेच सांगा आणि करंट हळूहळू कमी करून मशीन बंद करायला लावा.